गोदाअक्काची कर्दळ आणि माझे हात

कर्दळ दिसली की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. कुठंही असो. मागं जळगावला भाचीच्या लग्नात हॉलच्या दाराशी कर्दळीच्या कुंड्या मांडल्या होत्या. मी आत शिरलो तो हात मागं बांधून, मान थोडी वर. वरपक्षाला वाटलं, हे मुलीकडचं मोठं माणूस. मला फेटा बांधला, पहिल्या पंगतीला बसवलं. खऱ्या मोठ्या माणसाला, म्हणजे माझ्या मेव्हण्याला, तिसऱ्या पंगतीत भात मिळाला. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

हे हात मागं नेणं मला गोदाअक्कानं शिकवलं. शाळेत असं बरंच शिकवायचे म्हणतात, पण मी पहिलीत तीन वर्षं काढली. तीन मास्तर बदलले, मी बदललो नाही. म्हणून हे मी सांगतोय आणि माझी बायको शांता लिहितेय. ती चौथी पास आहे. माझ्या कौतुकाचं काही आलं की तिची पेन्सिल थांबते. त्यामुळे यात मी जरा कमी शहाणा वाटलो तर ती चूक लिहिणाऱ्याची समजा.

(शांता म्हणते, चूक नाही.)

आमचं गाव सावद्याहून यावलला जाताना लागतं. चारी बाजूंना केळी. गावात दोन जातीची माणसं, केळी लावणारी आणि केळी कापणारी. मी कापणारा. गोदाअक्का या दोन्हीत नव्हती. ती परटीण. माहेर तिचं पिंपळनेरचं, पार साक्रीकडचं. लग्न होऊन इकडे आली, चाळीस वर्षं इकडचं पाणी प्यायली, पण बोली काही सोडली नाही. आमची बोली वेगळी, तिची वेगळी. तिच्या तोंडी सगळ्याला ‘बठ्ठं’ आणि आहेला ‘शे’. नवऱ्यामागं तिनं एकटीनं धुणं धुऊन मुलाला शिकवलं, तो धुळ्याला नोकरीला लागला. त्यानं किती वेळा बोलावलं. अक्का म्हणायची, “तठे डोह शे का?” डोह नाही म्हटलं की विषय संपला.

डोह म्हणजे आमच्या नाल्याचा, बसस्टँडच्या मागचा. तिथं तिचा घाट. चार दगड, त्यातला एक तिचा, इतका झिजलेला की त्याला बाकाचा आकार आलेला.

अक्का माणसाच्या तोंडाकडे बघायचीच नाही, कपड्याकडे बघायची. समोरून आलो तर राम राम नाही, बरं आहे का नाही. “दुसरं बटन तुटी गयं,” म्हणायची आणि पुढं जायची. गावातल्या प्रत्येकाची कॉलर तिला पाठ. कोण कुणाकडे जेवून आला, कुणाला घाम जास्त सुटायला लागला, कुणाचं घरात पटेना, सगळं तिला गाठोडं सोडलं की कळायचं. पण बोलायची नाही. फार तर गालात हसायची. त्या हसण्याला गावातली पुरुषमंडळी सरपंचापेक्षा जास्त भ्यायची.

माझंच सांगतो. एकदा मी घरी सांगितलं, आज बागेत पाणी भरायचंय, उशीर होईल. आणि गेलो भुसावळला सिनेमाला. चार दिवसांनी अक्का धुतलेले कपडे घेऊन आली. शांतानं सदरा उघडला. खिशात सिनेमाचं तिकीट. धुतलेलं नव्हतं हो, धुण्याआधी काढून ठेवलेलं, आणि नंतर इस्त्री करून, कडक घडी घालून परत त्याच खिशात ठेवलेलं. मी दुसऱ्या दिवशी भांडायला घाटावर गेलो. अक्का कपडा आपटत म्हणाली, “तुन्ही वस्तू शे. खराब व्हवाले नको म्हनीसन इस्तरी करी.”

पुढं तीन दिवस मी माझी भाकरी माझ्या हातानं थापली. तिला भाकरी म्हणायची का, हा वेगळा प्रश्न.

तर असं चाललं होतं. मग गावात पक्की गटार आली. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. गटार कुठं जाते हे कुणी विचारलं नाही. ती नाल्यात जात होती, अक्काच्या डोहाच्या बरोबर वर. पावसाळ्यात कळलं नाही. दिवाळीनंतर नाल्याची धार बारीक झाली आणि गटारीची तेवढीच राहिली. मोऱ्यांचं, गोठ्यांचं, सगळं पाणी डोहात. डोह काळा पडला. धुतलेल्या कपड्यांना वास यायला लागला. लोक अक्काला तोंडावर काही बोलले नाहीत, फक्त गाठोडी यायची थांबली. कुणी घरी धुवायला लागलं, कुणी सावद्याच्या लाँड्रीत. आमच्या घरचं गाठोडंही थांबलं. शांता म्हणाली, मला अक्कासमोर जायला लाज वाटते. मी म्हणालो, माझ्या कपड्यांना आधीपासूनच वास आहे, माझे तरी दे. पण तिनं दिले नाहीत.

मग पंचायतीसमोर बैठक बसली. सरपंच म्हणजे नाना. गावात शेवटचं पांढरं धोतर नेसणारा माणूस. धोतर असं पांढरं की उन्हात बघवत नसे, फक्त डाव्या सोग्यावर कायम एक पिवळट डाग. नाना तपकीर ओढायचे आणि बोटं तिथंच पुसायचे.

नाना म्हणाले, “बसमधून उतरणारा पाहुणा आधी नाक धरतो, मग रामराम करतो. डोह बुजवून टाकू. मुरूम टाकू, वर गाळे काढू.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, कारण सगळे हलवत होते. तेवढ्यात मागून अक्का उभी राहिली. “आन मन्हा घाट?”

“अक्का, आता घरोघरी नळ येतोय.”

“तो येईच ऱ्हायना, सहा वरीस व्हई गयात,” अक्का म्हणाली. “डोह बुजू नका. मी पानी साफ करसू.”

“ते कसं?”

“झाडं लाईसन.”

झाडं लावून! लोक हसले. नानाही हसले. आणि माझी जीभ वळवळली. हसणारी माणसं जमली की मला राहवत नाही. मी मागून ओरडलो, “नाना, मग आखाजीला तुमचं धोतर याच डोहात धुऊ! वास आला तर डोह बुजवा, नाही आला तर नेसा!”

असा हशा झाला की पंचायतीवरची कबुतरं उडाली. एकटी अक्का हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. नेहमीसारखी सदऱ्याकडे नाही, तोंडाकडे. मग नानांकडे वळून म्हणाली, “चाली. आखाजीले तुमनं धोतर.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सगळं गाव बाहेर असतं. एवढ्या लोकांसमोर धोतराची गोष्ट निघाली आणि मागं हटायचं तर नानांची पत काय राहणार? नाना म्हणाले, “कबूल. पण साबण नाही, नीळ नाही. नुसत्या पाण्यात धुवायचं.”

बैठक संपली तशी मी सटकत होतो. अक्कानं मागून माझी कॉलर धरली. “तू बोलना ना? मंग तूच खंद.”

असा मी त्या कामावर लागलो. थट्टा केली की लोक हसतात आणि घरी जातात, एवढंच मला तोवर माहीत होतं.

गटारीचं तोंड आणि डोह यांच्यामध्ये पन्नासेक पावलांचा उतार होता. तिथं अक्कानं मला तीन खड्डे खणायला लावले, एकाखाली एक, पायऱ्यांसारखे. पहिला खोल, मोकळा. गटारीचं पाणी त्यात येऊन थांबायचं, गाळ खाली बसायचा. दुसरा आणि तिसरा उथळ, लांबट, त्यात खडी भरली, वरून जाड वाळू. आणि त्यात कर्दळ. पाणी वरून दिसायचं नाही, खडीच्या आतून, मुळांच्या जाळीतून सरकत सरकत खाली यायचं.

“अक्का, हे तुला कुणी शिकवलं?” मी विचारलं. कमरेत उसण भरली होती, निदान कारण तरी कळावं.

तिनं सांगितलं. पूर्वी ती तालुक्याच्या डाकबंगल्यावर साहेबलोकांचे कपडे पोचवायला जायची. तिथल्या स्वयंपाकघराचं खरकटं पाणी मागच्या कर्दळीच्या वाफ्यात सोडलेलं. आत जाताना पाणी तेलकट, राखाडी. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला पाझरायचं ते नितळ. माळ्याला त्याचं काही नाही, साहेबांना त्याहून नाही. अक्कानं एक दिवस तिथं आपला रुमाल धुऊन बघितला. मग दर खेपेला धुऊन बघायला लागली. कित्येक वर्षं ती डाकबंगल्यावर रुमाल धूत होती आणि साहेबलोकांना वाटत होतं, बाई फार टापटिपीची आहे.

कर्दळीचे कंदही तिनं तिथूनच आणले. माळी द्यायला तयार नव्हता. अक्का त्याच्या सदऱ्याकडे बघून गालात हसली. दोन पोती मिळाली.

आता तिची तपासणी कशी चालायची ते सांगतो. पांढऱ्या कापडाच्या तीन चिंध्या. प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाशी काठीला बांधून पाण्यात सोडलेली एकेक. सावद्याच्या बाजाराच्या दिवशी त्या बाहेर काढायच्या, तिच्या दगडावर शेजारी शेजारी पसरायच्या, वाळू द्यायच्या. मग आधी डोळ्यानं बघायचं, मग नाकानं. हुंगायचं काम माझं.

“अक्का, मी कशाला?”

“नाक कसाले शे तुले? हुंग!”

सुरुवातीला तिन्ही चिंध्या माझ्या तळपायासारख्या निघायच्या. संक्रांतीपर्यंत दुसरी चहाच्या रंगावर आली. पुढं महिन्याभरात तिसरी ताकाच्या रंगावर आली आणि हुंगली तर मला शिंक आली नाही. अक्का कर्दळीकडे बघून हळू म्हणाली, “जेवी ऱ्हायनी व माय.” लेक पानावर बसलीये आणि पोटभर जेवतेय, असं काहीतरी. मी इकडं तिकडं बघितलं. मला वाटलं माझ्या जेवणाचं बोलतेय.

आणि इथं माझा नंबर लागला.

पिंपळनेरहून निरोप आला, अक्काच्या भावाला बरं नाही. ती पंधरा दिवसांसाठी निघाली. जाताना मला वाफ्यापाशी उभं केलं. “पहिला खड्डाना गाळ काढ. सुकेल पानं काढ, लांब नेईसन टाक. पानीमा सडू देऊ नको. दुसरं काही करानं नही. कर्दळले हात लावाना नही.”

“अक्का, मी काय लहान आहे?”

तिनं माझ्या सदऱ्याकडे बघितलं आणि बसमध्ये चढली.

आठ दिवस मी शहाण्यासारखा वागलो. पण मी केळीतला माणूस. तुम्ही केळीतले नसाल तर सांगतो. केळीच्या बुंध्याला बाजूनं पिलं फुटतात. ती ठेवली तर आईची ताकद खातात, घड बारीक निघतो. म्हणून पिलं काढत राहायची. वीस वर्षं माझ्या हातानं दुसरं काही केलं नव्हतं. झोपेत शांताच्या हाताचं बोटसुद्धा मी एकदा पील समजून ओढलंय.

(शांता म्हणते, एकदा नाही.)

आणि समोर बघतो तर काय, कर्दळीच्या एकेका झाडाला सहा सहा, आठ आठ पिलं! पानंसुद्धा केळीसारखीच. माझे हात शिवशिवायला लागले. वाटलं, अक्का परटीण, तिला यातलं काय कळणार? बिचारीची बाग वाया चाललीये. मी कोयता आणि पहार आणली. एकेक पील खालपासून, कंदासकट काढलं. अर्धवट काढलेलं पील परत फुटतं, माझं काम अर्धवट नसतं. दोन दिवसांत दोन्ही वाफे साफ. दोन दोन हातांवर एकेक झाड, एका रेषेत. थोडी पानं पिवळी वाटली म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी मूठ मूठ युरिया पण दिला. पदरचा!

गंमत बघा, येणाराजाणारा प्रत्येक माणूस थांबून वाखाणत होता. सगळं गावच केळीचं. “वा, काय बाग लागलीये बा!” खुद्द नाना येऊन बघून गेले, म्हणाले, “आता दिसतंय काहीतरी.” एकाही माणसाला वाटलं नाही की हा गाढवपणा चाललाय. मी घरी शांताला म्हणालो, अक्का आली की खूश होईल.

चार दिवसांत तिसऱ्या खड्ड्याखालचं पाणी आधी राखाडी झालं, मग त्यावर हिरवं शेवाळ धरलं. चिंधी काढली. हुंगली. बाजूला जाऊन बसलो.

अक्का बसमधून उतरली ती थेट तिकडेच आली. मी दुरून बघत होतो, बाभळीच्या मागं. बाभूळ बारीक, मी रुंद. तिनं वाफे बघितले, गाठोडं खाली ठेवलं, दगडावर बसली. मग बाभळीकडे न बघता म्हणाली, “ये भाहेर.”

मी गेलो.

“कोनी सांगं तुले?”

“कुणी नाही अक्का. सवय.”

“येले केळं येनार शे का?”

“नाही.”

“तू घडना साठे पिलं काढस. आठे घड कोठे शे? कर्दळना घड म्हंजे हाई पानी.” तिनं डोहाकडे हात केला. “जितली पिलं, तितली मुळं. जितली मुळं, तितलं पानी साफ. आन तू वरून खत टाकं? गटारमा काय कमी खत शे? ते खावाले तर मी तेसले आठे बसाडेल शे!”

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. आखाजीला सव्वा महिना उरला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही गोष्ट नानांच्या धोतराची नाहीये. तो बाकासारखा झिजलेला दगड मुरमाखाली गेला असता, आणि अक्काला धुळ्याच्या बसमध्ये बसावं लागलं असतं. आणि तिला बसवणारा मी असतो, पदरच्या युरियासकट.

“पिलं कोठे टाकात?” तिनं विचारलं.

गटारीच्या कडेला ढीग करून टाकली होती. गेलो. ढीग तसाच होता, पण हिरवा होता. ओल्या चिखलात पडून पडून त्या कंदांना नवे कोंब आले होते. मुळासकट काढायचा माझा शहाणपणा कामाला आला म्हणायचा. मी तसं म्हणालोही. अक्कानं नुसतं बघितलं.

तीन दिवस आम्ही पिलं परत लावली. शांताही आली. ती लावत होती आणि मला ऐकू जाईल एवढ्या हळू अक्काशी हसत होती. एवढी पिलं निघाली होती की दोन वाफे भरूनही उरली, म्हणून मी तिसरा वाफा खणला. त्या दिवसापासून अक्कानं नियम केला. मी वाफ्याच्या दहा पावलांत आलो की तिथून हाक यायची, “हात मांगे!” मी हात पाठीमागे बांधायचा. गाळ काढताना तेवढी सूट. गावातले लोकही शिकले. मी नाल्याकडे वळलो की पानाच्या टपरीवरून, पंचायतीतून, बसच्या खिडकीतून, “हात मांगे, हात मांगे!” एकदा अनोळखी कंडक्टरनं पण म्हटलं.

आखाजी आली. चिंधी ताकाच्या रंगावर परत आली होती, पण पूर्वीइतकी नाही. मला झोप नव्हती. त्या सकाळी मी खिशात अत्तराची कुपी घेऊन घाटावर गेलो. म्हटलं, धोतर वाळताना दोन थेंब उडवू, कुणाला कळतंय. अक्का वीस पावलांवर होती.

“खिसामा काय शे?”

काढून दिली. तिनं ती शांताला दिली. “तू लाव. येले शोभत नही.” आणि मला म्हणाली, “कपडा खोटं बोलत नही, भाऊ. आपन त्याले शिकाडू नही.”

सगळं गाव जमलं. माहेरवाशिणी झोके सोडून आल्या. नानांनी दुसरं धोतर नेसून हातातलं धोतर अक्काकडे दिलं. अक्कानं ते डोहात बुडवलं, तिच्या दगडावर आपटलं, परत बुडवलं, पिळलं, झटकलं. साबण नाही, नीळ नाही. वैशाखाचं ऊन, कपडा उलटायच्या आत वाळला. पांढरा होता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग नानांनी तो हातात घेतला आणि नाकाला लावला.

एकदा हुंगला. परत हुंगला. कपाळाला आठी पडली.

“वास येतोय,” नाना म्हणाले.

मी अक्काकडे बघितलं. ती त्या धोतराकडेच बघत होती. मला वाटलं, आता मी डोहात उडी मारावी, पण मला पोहता येत नाही, आणि डोह माझ्या छातीएवढाच होता. ते पण धड झालं नसतं.

तेवढ्यात गर्दीतून नानी पुढं आल्या. नानांची बायको. चारचौघांत कधी न बोलणारी बाई. त्यांनी नानांच्या हातातून धोतर घेतलं, डावा सोगा शोधला आणि नाकाला लावला.

“हा काय नाल्याचा वास आहे?” नानी म्हणाल्या. “ही तुमची तपकीर! तीस वर्षं माझ्या उशाला आहे, मी ओळखणार नाही का?”

जो हशा फुटला! त्यात पहिला आवाज माहेरवाशिणींचा. धोतर बायकांच्या हातोहात फिरायला लागलं, जी ती डावा सोगा हुंगायची आणि म्हणायची, तपकीरच ग बाई. नानांनी खिशातली डबी चाचपली, मग तेही हसले. “बरं बा,” म्हणाले, “मुरूम रस्त्याला टाकू.”

गर्दी पांगल्यावर मी हळूच अक्काजवळ गेलो. हात मागंच होते.

“अक्का, खरं सांग. तपकिरीचाच होता ना?”

अक्का दगड धूत होती. “आर्धा नानाना,” म्हणाली, “आर्धा नालाना.” आणि मग माझ्याकडे वळून, “म्हनीसन उद्यापासून आखो एक वाफा खंद.”

तो चौथा वाफा. पुढच्या वर्षी त्याच्या तोंडाशीही चिंधी घातली होती, आणि ती वापरलेली आहे की कोरी, हे मला डोळे मिटून हुंगूनही ओळखता यायचं नाही. गाठोडी परत आली. नाना पाहुण्यांना डोह दाखवायला न्यायला लागले. एकदा पाहुण्यासमोर ऐटीत ओंजळ भरून तोंडाला लावणार, तोच अक्कानं सरपंचाच्या हातावर ओला टॉवेल मारला. “हाई धुवानं पानी शे, पेवानं नही!” ती आपल्या पाण्याची कधी फुकट बढाई मारत नसे. नानांनाही मारू देत नसे.

जळगावहून एक कॉलेजचे सर आले होते, बाटल्या घेऊन. फार भला माणूस. त्यांनी विचारलं, बाई, हे कुठं शिकलात? अक्का म्हणाली, “डाकबंगलाना मोरीजोडे.” त्यांनी वहीत ‘मोरीजवळ’ असं लिहिलं. मग मी पुढं होऊन सांगितलं की तिसऱ्या वाफ्याची सगळी योजना माझी. ते माझं नाव लिहायला लागले. अक्का म्हणाली, “हो. येनी पिलं काढी.” सरांना वाटलं हे कौतुक आहे. तेही लिहिलं. म्हणजे कुठल्यातरी वहीत माझं नाव आहे. मला ते वाचता आलं नसतं म्हणून बरं.

मग नळ आला. खरंच आला. घरोघरी धुण्याची पिवळी पावडर आणि प्लास्टिकची बादली आली. गाठोडी परत थांबली, यावेळी वासामुळे नाही. अक्का त्याबद्दल कधी वाईट बोलली नाही. म्हणायची, बायास्नी कंबर वाचनी. तिची स्वतःची कंबर मात्र आता वाकली होती. तरी बाजाराच्या दिवशी चिंध्या काढायची, मला हुंगायला लावायची. धुवायला कपडे नव्हते, तरी पाणी साफ लागायचं तिला.

शेवटी मुलगा येऊन उभा राहिला आणि तिनं डोहाचा प्रश्न विचारला नाही. तेव्हा आम्ही समजलो.

ती निघाली त्या सकाळी मी आणि शांता बसस्टँडवर गेलो. एक गाठोडं, एक पिशवी, आणि मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेले कर्दळीचे चार कंद. “धुळाले मोरी तर शे ना,” म्हणाली. शांतानं डोळे पुसले. मी काहीतरी विनोद करणार होतो, सुचला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. अक्कानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे सदऱ्याकडे. “दुसरं बटन,” म्हणाली.

बस सुरू झाली. वळताना ती नाल्याच्या कडेनं जाते, वाफ्यांच्या अगदी जवळून. आम्ही पण तिथवर बसच्या बाजूनं चालत गेलो होतो. कर्दळ लाल फुलली होती. खिडकीतून अक्कानं मान बाहेर काढली. शांता हात हलवत होती. ड्रायव्हर हात हलवत होता. पानाच्या टपरीवरची पोरं हलवत होती. अक्का माझ्याकडे बघून हसायला लागली, दात नसलेलं, मोठं हसली, आणि ओरडली,

“भाऊ, आते तरी हात सोड!”

मी खाली बघितलं. दोन्ही हात पाठीमागे, घट्ट बांधलेले. सोडवून पुढं आणेपर्यंत बस केळीच्या आड गेली होती.